खो कुठे चुकला?

मित्रांनो, खो-खो तर तुम्ही सगळेच खेळला असाल. आठ गडी ओळीने बसलेले आणि नववा पळणारा. पळता पळता तो बसलेल्या गड्याच्या पाठीमागे येतो, पाठीला हात लावून "खो!" असे ओरडतो, की बसलेला उठून सुसाट सुटतो आणि पळणारा त्याच्या जागी बसतो. आता समजा, खेळ मध्येच थांबला. कुणीच पळत नाही, नऊच्या नऊ गडी आपले बसलेले! मग तुम्ही काय कराल? सगळा संघ बदलून टाकाल? छे! तुम्ही एवढेच विचाराल, "शेवटचा खो कुणी दिला? आणि कुणाला दिला?"

२०२४ सालच्या मे महिन्यात आमच्या घरी अगदी अस्साच खेळ थांबला. फरक एवढाच, की मैदान होते आमचा जुना कॉम्प्युटर.

हा कॉम्प्युटर आम्ही २००९ साली घेतला. चालू केला की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. भंगारवाला दर दिवाळीला त्याच्याकडे आशेने पाहून जातो. पण आम्ही तो देत नाही. एक तर त्यात लिनक्स आहे आणि त्यामुळे तो अजून नीट चालतो. आणि दुसरे म्हणजे, त्यात माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. २०१७ साली एका हिवाळ्यात मी तिच्याकडून एकेचाळीस ओव्या म्हणवून घेतल्या आणि ध्वनिमुद्रित केल्या. २०२१ साली ती गेली. तो आवाज आता तेवढ्या एकेचाळीस फायलींतच उरलेला.

लिनक्स म्हणजे काय, ते आधी सांगतो. कॉम्प्युटर म्हणजे नुसती यंत्रसामग्री. तिच्याकडून काम करवून घेणारा एक कारभारी लागतो. डिस्कवर काय कुठे ठेवायचे, कीबोर्डचे कोणते बटण दाबले गेले, पडद्यावर काय दाखवायचे, हे सगळे तो बघतो. विंडोज हा असा एक कारभारी. लिनक्स हा दुसरा. फिनलंडमधल्या हेलसिंकी गावात लिनस टोर्वाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला आणि सगळ्या जगाला फुकट देऊन टाकला. नुसता फुकटच नाही, तर "आत उघडून बघा, हवा तसा बदला" अशी परवानगीसुद्धा दिली. मग हजारो लोक त्यात भर घालत गेले.

लिनक्सचे अनेक संच मिळतात. आमच्याकडे आहे डेबियन. १९९३ साली इयान मर्डॉक याने ते सुरू केले. आपल्या मैत्रिणीचे, डेब्राचे, नाव आणि आपले नाव जोडून त्याने हे 'डेबियन' तयार केले. डेबियनची खरी गंमत पुढेच आहे. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी' या चित्रपटमालिकेतल्या पात्रांची नावे असतात! दहावी आवृत्ती 'बस्टर', म्हणजे अँडीचा कुत्रा. अकरावी 'बुल्सआय', म्हणजे वुडीचा घोडा. आणि जी कायम अर्धवट, कच्ची असते, त्या आवृत्तीचे नाव आहे 'सिड'. तोच तो, खेळणी मोडणारा पोरगा!

तर आमच्याकडे होता कुत्रा. पण त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची मुदत ३० जून २०२४ रोजी संपणार होती. म्हणजे त्यानंतर एखादी फट सापडली तर ती बुजवायला कुणी येणार नाही. मे महिन्यात माझी भाची नेहमीप्रमाणे सुट्टीला आली होती. सातवीची परीक्षा नुकतीच झालेली, हाताला काम नाही. मी म्हटले, "चल, आज कुत्र्यावरून घोड्यावर जाऊ."

"आधी काही वाचायला नको का मामा?" तिने विचारले.

"अगं, यात वाचायचंय काय? मी दहादा केलंय हे," मी म्हणालो.

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. या गोष्टीत चूक कुणाची, असे कुणी विचारले तर ती या वाक्यात आहे. प्रत्येक आवृत्तीबरोबर डेबियन सविस्तर टिपणे देते. जुन्यावरून नव्यावर कसे जायचे याच्या प्रकरणात सुरुवातीलाच सांगितलेले असते, की आपल्या फायलींची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवा. मी ते प्रकरण उघडलेच नाही. यूपीएसची बॅटरी टिकते ना, एवढे मात्र पाहिले. तेवढीच काय ती अक्कल आम्ही दाखवली.

संध्याकाळी सहाला सुरुवात केली. सोळाशेच्या वर पॅकेजे उतरवायची होती. रात्री साडेदहाला पडद्यावरच्या ओळी थांबल्या. शेवटी शेवटी दोन-चार ओळी जरा वेगळ्या दिसल्या, "मॉड्यूल तयार करता आले नाही" अशा अर्थाच्या. पण त्या वर सरकून गेल्या आणि डोळ्यांवर झोप होती. कॉम्प्युटर बंद केला, भिंतीवरचे बटण बंद केले आणि झोपलो.

सकाळी भाचीने बटण दाबले आणि ओरडली, "मामा, मेला!"

पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरे. घड्याळ आणि नोंदी हरवल्या आहेत, पुढे जायचे तर एफ-१ हे बटण दाबा, अशा अर्थाचा तो संदेश होता. माझ्या पोटात गोळाच आला. अपडेटने मशीनच बिघडवले की काय!

आता इथे जरा थांबू या आणि आपला खो-खो आठवू या. कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा सगळे एकदम जागे होत नाहीत. पहिला गडी बायॉस. हा एक छोटासा प्रोग्राम असतो आणि तो डिस्कवर नसतो, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो. स्मृती, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना, हे पाहून तो खो देतो ग्रबला. ग्रब डिस्कवरून विचारतो, "कोणती आवृत्ती सुरू करू?" आणि खो देतो कर्नलला. कर्नल म्हणजे लष्करातले साहेब नव्हेत! बदाम फोडल्यावर आत जो गर निघतो त्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात. लिनक्सचा तो गाभा. कर्नल यंत्राचा ताबा घेतो आणि सिस्टीमडी नावाच्या प्रोग्रामला खो देतो. कर्नल उठवतो तो हा पहिलाच प्रोग्राम, म्हणून याचा हजेरीपटातला क्रमांक नेहमी १ असतो. सिस्टीमडी बाकीच्या सगळ्या सेवा उठवतो आणि सर्वांत शेवटी जो उठतो, तो चित्रमय पडदा मांडून तुमचे नाव आणि पासवर्ड विचारतो.

आता सांगा बरे, घड्याळाचा संदेश कुणाचा? बायॉसचा. म्हणजे अजून लिनक्सला खो मिळालेलाच नाही! आणि आम्ही जे बदलले ते तर सगळे डिस्कवर. मग अपडेटचा त्याच्याशी संबंध कसा असेल?

नव्हताच. मदरबोर्डवर एक गोल, चपटा सेल असतो. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. आमचा सेल संपत आला होता. एरवी आम्ही भिंतीवरचे बटण चालूच ठेवत असू, म्हणून ते कळले नव्हते. त्या रात्री नेमके बंद केले! दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली असे नसते. पण घाबरलेल्या माणसाला हे सांगून पटत नाही, हेही खरेच.

त्या सेलवर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. हा आकडा उगाच नाही. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. घड्याळवाल्याकडे हा सेल सहज मिळतो. आम्ही वायर भिंतीतून काढली, डबा उघडला, सेल बदलला आणि बायॉसमध्ये तारीख घातली. (तुम्ही हे करणार असाल तर घरातले मोठे माणूस शेजारी हवे आणि वायर काढलेली हवी, बरं का!)

पहिला खो बरोबर पडला. ग्रबचा निळा पडदा आला. पाच सेकंदांनी तोही पुढे गेला. आणि मग पडदा काळा, वरच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटी रेघ. लुकलुक, लुकलुक. पाच मिनिटे झाली, दहा झाली. रेघ लुकलुकतेच आहे.

आता मात्र संबंध नक्की अपडेटशीच होता. भाची गप्प बसली होती. मग हळूच म्हणाली, "मामा, आजीच्या ओव्या?"

मी काहीच बोललो नाही. बोलणार काय!

जरा वेळाने मी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. ग्रबचा पडदा आल्याबरोबर कीबोर्डवरचे ई हे अक्षर दाबले. असे केले की कर्नलला काय काय सांगून खो दिला जातो, ते वाचता येते आणि तेवढ्या वेळेपुरते बदलताही येते. त्या ओळीच्या शेवटी एक शब्द होता, 'क्वाएट'. म्हणजे काय, माहीत आहे? "गप्प बस!" रोज उगाच शेकडो ओळी दिसू नयेत म्हणून कर्नलला गप्प राहायला सांगितलेले असते. भाचीने तो शब्द खोडला आणि एफ-१० दाबले.

अहाहा! कॉम्प्युटर जो बोलायला लागला! पडदाभर ओळी धावू लागल्या. कर्नलला डिस्क सापडली, कीबोर्ड सापडला, माउस सापडला. मग सिस्टीमडीच्या ओळी, प्रत्येकीच्या सुरुवातीला हिरवा 'ओके'. ओके, ओके, ओके... आणि मग एक लाल ओळ. 'फेल्ड'. चित्रमय पडदा मांडणारा गडी उठलाच नव्हता.

"म्हणजे शेवटचाच गडी बसलाय!" भाची ओरडली. "बाकी सगळे पळाले!"

बघा, दहा मिनिटांपूर्वी आमच्या मते अख्खा कॉम्प्युटर 'मेला' होता. आता फक्त त्याचा पडदा रंगवणारा आजारी होता. डिस्क ठीक होती, कारण ती नसती तर इथवर कुणी पोचलेच नसते.

मग मी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-२ ही तीन बटणे एकदम दाबली. लिनक्समध्ये चित्रमय पडद्याशिवाय साधे अक्षरांचे पडदेही असतात, ते या बटणांनी उघडतात. जाडजूड मोठ्या अक्षरांत कॉम्प्युटरने नाव विचारले. (ही जाडजूड अक्षरे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.) भाचीने नाव लिहिले, पासवर्ड लिहायला लागली आणि थांबली. "मामा, कीबोर्डपण गेला! काहीच उमटत नाहीये."

कीबोर्ड गेला नव्हता. या पडद्यावर पासवर्ड लिहिताना अक्षरे तर नाहीतच, पण ठिपके किंवा चांदण्याही उमटत नाहीत. मागे उभ्या असलेल्या माणसाला तुमचा पासवर्ड किती अक्षरांचा आहे, हेही कळू नये म्हणून. मुकाट्याने लिहायचे आणि एंटर दाबायचे. तिने दाबले आणि आम्ही आत गेलो.

दुरुस्तीला लगेच हात घालायची मला फार घाई झाली होती. भाचीने नाही म्हटले. "आधी ओव्या." बरोबर होते तिचे. दुरुस्ती करताना आणखी काही बिघडू शकते. आणि मी तर आदल्या दिवशीच बिघडवून दाखवले होते!

पेन ड्राइव्ह लावला. चित्रमय पडदा असता तर तो आपोआप उघडला असता. इथे 'माउंट' ही आज्ञा देऊन तो आपणच जोडून घ्यावा लागतो. मग 'सीपी', म्हणजे कॉपी, ही आज्ञा देऊन ओव्यांचे फोल्डर त्यावर पाठवले. एंटर दाबल्यावर पडद्यावर काहीच झाले नाही. दोन मिनिटांनी नुसती पुढची आज्ञा लिहायची जागा आली. "झालं का नाही?" भाचीने विचारले. लिनक्सचा स्वभावच असा आहे. काम झाले तर तो गप्प राहतो, नाही झाले तरच बोलतो. तरी आमचा विश्वास बसेना. पेन ड्राइव्हवरच्या फायलींची यादी मागवली आणि तिने बोटाने एक एक मोजली. एकेचाळीस. मग पेन ड्राइव्ह रीतसर सोडवून घेतला. असाच ओढून काढला, तर शेवटचे काही लिहायचे राहून गेलेले असू शकते. तिने तो स्वतःच्या कंपासपेटीत ठेवला आणि पेटी दप्तरात.

आता कुठे छातीवरचा दगड उतरला. आणि गंमत म्हणजे, त्यानंतर आम्हांला या बिघाडाची मजा वाटू लागली!

पहिली शंका होती डिस्क भरली असण्याची. मोठ्या अपडेटनंतर हे पुष्कळदा होते आणि डिस्क काठोकाठ भरली की चित्रमय पडदा सुरू होत नाही. 'डीएफ' अशी दोन अक्षरे लिहिली की डिस्क किती भरली ते कळते. आमची ६८ टक्के भरली होती. ती शंका खोडली.

दुसरी शंका तपासायला आम्ही एक प्रयोग केला. हा प्रयोग मला फार आवडतो. अपडेट झाले तरी जुना कर्नल लगेच पुसला जात नाही, ग्रबच्या 'जादा पर्याय' या यादीत तो बसून असतो. आमचा जुना कर्नल ४.१९ क्रमांकाचा, २०१८ सालचा. नवा ५.१०, डिसेंबर २०२० मधला. बाकी काही म्हणजे काहीही बदलायचे नाही. फक्त एकदा खो नव्याऐवजी जुन्याला द्यायचा आणि काय होते ते बघायचे.

दिला. आणि चक्क आमचा नेहमीचा डेस्कटॉप आला! मागचे सह्याद्रीचे चित्र, फोल्डर, सगळे. भाचीने टाळ्या वाजवल्या. मी म्हटले, "थांब, हे दुरुस्त झालेलं नाही. पण यातून काय कळलं ते सांग."

ती विचार करून म्हणाली, "पडदा चांगला आहे. आतलं चित्राचं कार्ड चांगलं आहे. जुन्या कर्नलशी त्याचं जमतं. नव्याशी जमत नाही."

बस्स! सातवीतल्या मुलीने बिघाड दोन गोष्टींच्या मध्ये पकडून दाखवला, कर्नल आणि चित्राचे कार्ड यांच्यामध्ये. तिथे बसतो तो ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या म्हणा ना. कर्नलचे म्हणणे कार्डाच्या भाषेत सांगणारा.

आम्ही नोंदवही उघडली. चित्रमय पडदा मांडणारा एक्स नावाचा प्रोग्राम आपल्या प्रत्येक पावलाची नोंद ठेवतो आणि जिथे चूक झाली त्या ओळीपुढे कंसात ई हे अक्षर दोनदा लिहितो. आमच्या नोंदवहीत ती ओळ होती: ड्रायव्हरचे मॉड्यूल सापडले नाही. आणि अपडेटच्या नोंदवहीत, आदल्या रात्री झोपेत सरकून गेलेल्या ओळी जशाच्या तशा होत्या. नव्या कर्नलसाठी हे मॉड्यूल तयार करता आले नाही! कॉम्प्युटरने आदल्या रात्रीच सांगितले होते. ऐकायला कुणी जागे नव्हते.

असे का झाले? आमच्या कार्डासाठी आम्ही ते बनवणाऱ्या कंपनीचाच ड्रायव्हर वापरत होतो. जुन्या जातीच्या कार्डांसाठी कंपनीने तो शेवटचा काढला २०१९ च्या डिसेंबरात. नवा कर्नल आला त्यानंतर बरोबर एक वर्षाने. एका मोठ्या वाड्याची कल्पना करा. दर थोड्या दिवसांनी वाड्यातली कुलपे बदलतात. जे वाड्यात राहतात त्यांना नवी किल्ली आपोआप मिळते. जो रोज बाहेरून येतो, त्याने आपली किल्ली आपणच घडवून आणायची. कर्नलच्या आत राहणारे ड्रायव्हर असेच. कर्नलमध्ये काही बदलणारा माणूस त्यांच्याकडेही बघतो. बाहेरचा, बंद पेटीतला ड्रायव्हर मात्र कंपनीनेच सुधारायचा. आणि तिने ते काम थांबवले होते.

"हा अन्याय आहे," भाची म्हणाली. "कार्ड चांगलं चाललंय की!"

आहे खरा. पण तिला मी दुसरी गोष्ट सांगितली, ती तुम्हांलाही सांगतो. लिनस टोर्वाल्ड्सने १९९१ च्या जानेवारीत ३८६ जातीचा प्रोसेसर असलेला कॉम्प्युटर घेतला होता. लिनक्स जन्मला तो त्याच्यावरच. पुढे काय झाले? २०१३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ३.८ क्रमांकाच्या कर्नलमधून या ३८६ प्रोसेसरचाच आधार काढून टाकला गेला. म्हणजे ज्या जातीच्या यंत्रावर लिनक्स लिहिला, त्यावर आता नवा लिनक्स चालत नाही. त्या जुन्या प्रोसेसरसाठी कर्नलमध्ये खास जोडकाम ठेवावे लागे आणि प्रत्येक नव्या बदलाच्या वेळी ते सांभाळत बसावे लागे. मला स्वतःला विचाराल तर बावीस वर्षे म्हणजे बरीच झाली. पण वाईट वाटायचे ते वाटतेच.

आमच्या कार्डाला सुदैवाने दुसरा दुभाष्या होता. त्याचे नाव 'नूवो'. फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'नवा'. कार्ड आतून कसे चालते, हे कंपनीने सांगितले नव्हते. तेव्हा काही हौशी लोकांनी कार्डाकडे काय जाते आणि त्यावर ते काय करते, हे पाहून पाहून त्याची भाषा शिकून घेतली आणि हा ड्रायव्हर लिहिला. २०१० पासून तो कर्नलच्या आतच राहतो, म्हणजे वाड्यातला! फक्त कंपनीचा ड्रायव्हर बसवताना नूवोला "तू उठायचं नाहीस" अशी चिठ्ठी लिहून ठेवलेली असते. एका कार्डाला दोन दुभाषे नकोत म्हणून.

आम्ही कंपनीचा ड्रायव्हर त्याच्या चिठ्ठीसकट काढून टाकला आणि नव्या कर्नलने सुरू केले. ओळी धावू लागल्या. आणि मध्येच ती जाडजूड अक्षरे एकदम बारीक, सुबक झाली! नूवोने पडद्याचा ताबा घेतल्याची ती खूण. भाची खुर्चीवरून उठलीच.

आणि पुन्हा काळा पडदा.

मी डोक्याला हात लावला. भाची मात्र म्हणाली, "पण अक्षरं बारीक झाली ना? मग ड्रायव्हर उठलाय. खो पुढे कुठेतरी चुकलाय." पुन्हा नोंदवही. पुन्हा दोन ईंची ओळ. एक्स अजूनही जुन्याच ड्रायव्हरचे नाव घेऊन हाका मारत होता! कारण कित्येक वर्षांपूर्वी मीच एक फाइल लिहून ठेवली होती, "या कार्डासाठी हाच ड्रायव्हर वापर" अशी. मी विसरलो, कॉम्प्युटर विसरला नाही. ती फाइल आम्ही पुसली नाही, नुसते तिचे नाव बदलले. चूक झाली तर परत नाव बदलले की झाले.

तिसऱ्यांदा सुरू केले. डेस्कटॉप आला. सह्याद्री आला. वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटे, आणि जेवणे राहिलेली.

सगळे पूर्वीसारखे झाले असे मात्र नाही. आमच्याकडे पेंग्विनच्या घसरगुंडीचा खेळ आहे. टक्स नावाचा हा पेंग्विन म्हणजे लिनक्सचे बोधचिन्ह, १९९६ साली लॅरी यूइंग याने काढलेले. नूवोवर हा टक्स बर्फावरून नव्हे, तर मधातून घसरत असल्यासारखा चालतो. नूवोला आमच्या कार्डाचा पूर्ण वेग काढता येत नाही. लिहिणे, वाचणे, गाणी ऐकणे, साधे व्हिडिओ यांत काही अडत नाही. पण टक्सबद्दल भाचीने मला अजून माफ केलेले नाही.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि अनेक घरांतले चालते कॉम्प्युटर एकदम 'जुने' झाले. ते भंगारात देण्याआधी मुलांबरोबर बसून लिनक्सचा विचार जरूर करा. केरळमधल्या सरकारी शाळांत मुले लिनक्सवरच शिकतात. सीडॅकने बनवलेल्या बॉस या भारतीय लिनक्समध्ये मराठीही आहे. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता, पडदा, आवाज आणि इंटरनेट चालते का ते आधी बघता येते. फक्त प्रोसेसर ६४ बिटांचा आहे ना, ते पाहून घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या डेबियनपासून ३२ बिटांच्या कॉम्प्युटरवर ते नव्याने बसवता येत नाही. आणि बसवण्याआधी फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या. हे कोण सांगतो आहे ते तुम्हांला कळलेच असेल.

त्या दिवशी भाचीने एका वहीत सगळे लिहून काढले. काय बदलले, काय झाले, कोणती ओळ लाल होती. ओव्यांच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत. एक आमच्याकडे, एक तिच्या आईकडे आणि एक त्या पेन ड्राइव्हवर. तो तिने मला परत दिलेला नाही.

२०२५ च्या मे महिन्यात ती पुन्हा आली. या वेळी घोड्यावरून बाराव्या आवृत्तीवर, 'बुकवर्म'वर, म्हणजे पुस्तकी किड्यावर जायचे होते. मी कॉम्प्युटर सुरू करायला गेलो, तर तिने माझा हात धरला. दप्तरातून तिने नव्या आवृत्तीच्या टिपणांची छापील पाने काढली. त्यावर पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या.

"बस मामा," ती म्हणाली. "आधी वाचून दाखवते."